नव्वद दिवसांची हजेरी

(इचलकरंजी येथे डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या आपल्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि १९७५ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'परदेशातले माझे अनुभव'. मी थायलंडला राहते म्हटल्यावर वर्गातल्या काही मुलांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते मला इथूनही दिसतंय. त्यांची आधीच निराशा करते. मी बोलणार आहे ती कागदपत्रांबद्दल. व्हिसा, बँकेचं पासबुक, शिक्के आणि झेरॉक्स. पण शेवटपर्यंत ऐका. कारण हे थायलंडपुरतं नाही, असं मला आता वाटायला लागलंय.

तुम्हाला आठवत असेल, नव्या अभ्यासक्रमाची दहावीची पहिली बॅच आपली. कुणालाच काही माहीत नव्हतं, पेपर कसा येणार तेसुद्धा. बाहेर मागांची खटखट आणि आत आपल्या वर्गशिक्षिका बाई हजेरी घ्यायच्या. एकदा 'हजर' म्हटलं नाही तर दिवसभर गैरहजर. मग वर्गात बसलेले असलो तरी काही उपयोग नाही. तेव्हा तो अन्याय वाटायचा. आज मी ज्या देशात राहते तिथे दर नव्वद दिवसांनी सरकारला 'मी हजर आहे, याच पत्त्यावर आहे' असं कळवावं लागतं. तारखेच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर सात दिवस एवढी सवलत. चुकलं तर २,००० बाट दंड. बाईंची हजेरी त्यापेक्षा स्वस्त होती.

थोडक्यात मागचं सांगते. १९८२ साली लग्न झालं. हे कापडधंद्यातले, सूतगिरणीचे इंजिनिअर. १९९४ मध्ये थायलंडमधल्या एका गिरणीत यांना नोकरी मिळाली आणि आम्ही बँकॉकजवळ राहायला गेलो. तिथे बायको म्हणून माझा व्हिसा हवा, तर लग्नाचा दाखला मागितला. आमच्याकडे होती लग्नपत्रिका, एक अल्बम आणि हॉलची पावती! लग्न नोंदवायचं असतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं? आपल्याच वर्गातला एक मित्र तेव्हा इथल्या नगरपालिकेत होता. त्यानं धावपळ करून बारा वर्षांनी आमचं लग्न नोंदवून दिलं. मग तो दाखला मंत्रालयात, तिथून दिल्लीला, मग थाई भाषेत भाषांतर, मग त्यावर तिथला शिक्का. लग्नाला जेवढी धावपळ झाली नव्हती तेवढी त्या एका कागदाला झाली. तो मित्र आज समोर बसलाय. त्याला मी तेव्हा पेढे दिले होते, पण त्या कागदाची खरी किंमत मला तीस वर्षांनी कळली.

२०१६ मध्ये हे निवृत्त झाले. नोकरी संपली की नोकरीवरचा व्हिसाही संपतो. इचलकरंजीचं घर वाटणीत विकलं गेलं होतं. मुलगी सिंगापूरला. थायलंडमध्ये बावीस वर्षं गेलेली. भाषा येत होती, शेजारी माणसं जोडलेली होती. आम्ही ठरवलं, उत्तरेला चियांग माईला जायचं. डोंगराळ भाग, हवा बरी. फेब्रुवारी ते एप्रिल मात्र तिथे धुराचे दिवस असतात, तेव्हा खोकत बसायचं. घर भाड्याचं, कारण परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही.

निवृत्त माणसांसाठी तिथे जी सोय आहे ती नीट समजून घ्या, कारण कालपासून चार जणांनी मला विचारलंय, 'आम्हालाही येता येईल का गं?' वय पन्नास पूर्ण हवं. मग दोन वाटा. एक तर थायलंडच्या बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाट हवेत, किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवायचं. दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख भरले तरी चालतं. हे जमलं की एक वर्ष राहण्याची परवानगी. फी १,९०० बाट. दुसऱ्या वर्षी पुन्हा सगळं पहिल्यापासून. आपला एक मित्र काल म्हणाला, 'म्हणजे कायमचा व्हिसा नाही का?' नाही रे बाबा. दरवर्षी नव्यानं परीक्षा आणि दरवर्षी पास व्हावंच लागतं. एटीकेटी नाही.

त्यात २०१९ च्या मार्चपासून नियम आणखी कडक झाला. अर्जाच्या आधी दोन महिने ते ८ लाख खात्यात पडून हवेत. परवानगी मिळाल्यावर पुढे तीन महिने हात लावायचा नाही. त्यानंतरही वर्षभर शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे पैसे आपलेच, पण देवघरातल्या चांदीच्या ताटासारखे. बघायचे आणि परत ठेवायचे.

शिवाय बारीकसारीक गोष्टी. देशाबाहेर जायचं तर आधी 'परत येण्याची परवानगी' काढायची. एका फेरीला १,००० बाट, अनेक फेऱ्यांना ३,८००. ती न काढता विमानात बसलात तर वर्षभराची परवानगी तिथेच रद्द. घरमालकानं तुम्ही त्याच्याकडे राहता हे चोवीस तासांत कळवायचं. आणि या व्हिसावर काम अजिबात करायचं नाही. मला गणित शिकवायची हौस. शेजारच्या मुलांना फुकट शिकवते म्हटलं, तर सगळ्यांनी सांगितलं, नको, फुकट शिकवणंही काम ठरतं.

अर्जाला घराचा नकाशा जोडावा लागतो, हातानं काढलेला. पहिल्या वर्षी मी भूगोलाच्या सरांची आठवण काढत नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाण, सूची, देऊळ, कालवा, सगळं. खिडकीतली बाई तो नकाशा बघून शेजारणीला दाखवायला घेऊन गेली. सर, तुम्ही दिलेले दहापैकी सहा मार्क मला तेव्हा फार लागले होते. चियांग माईत मला दहापैकी दहा मिळालेत.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

या सगळ्यात मी कुठे होते? मी यांच्या मागे होते. नवऱ्याला परवानगी मिळाली की बायकोला 'अवलंबित' म्हणून मिळते. तिच्यासाठी वेगळे पैसे दाखवावे लागत नाहीत. लग्नाचा दाखला जोडला की झालं. किती सोपं! मीही खूश होते. ८ लाख यांच्या एकट्याच्या नावावर, कारण संयुक्त खातं चालणार नाही असं आमच्या इथे सांगितलं होतं. माझं तिथे खातंच नव्हतं. एकोणतीस वर्षं त्या देशात राहून माझ्या नावावर एक बाटही नव्हता. बाजारात भाजीवालीशी मी थाईत घासाघीस करायचे, पण बँकेत यांच्या मागच्या खुर्चीवर बसायचे.

२०२३ च्या जुलैत हे गेले. सकाळी बागेत पाणी घालत होते, चहाला हाक मारली तर आले नाहीत. हृदयविकाराचा झटका. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. इथे बसलेल्या कितीतरी जणींनी ते सोसलंय. मुलगी आली. शेजारच्या थाई बाईनं सगळं धरलं. तिला मी 'पी' म्हणते. मोठ्या बहिणीला, मोठ्या भावाला तसं म्हणतात तिथे. मृत्यूचा दाखला जिल्हा कार्यालयातून घेतला, आपल्या वकिलातीत नोंद केली, यांचा पासपोर्ट रद्द करून घेतला. पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारला त्या क्षणी मात्र मला रडू आवरेना. माणूस गेलेला मी पाहिला होता, पण तो शिक्का मला सहन झाला नाही.

अस्थी नरसोबाच्या वाडीला न्यायच्या होत्या. तिकीट काढलं आणि पीनं विचारलं, 'परत येण्याचा कागद काढलास का?' माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. हे असताना तो कागद हेच काढायचे. मग अस्थी घरात ठेवून मी फॉर्म भरायला गेले. फॉर्मवर तारीख थाई सनात लिहायची असते. २०२३ म्हणजे तिथे २५६६. मी तीनदा चुकले. खिडकीतल्या मुलीनं नवा फॉर्म दिला आणि म्हणाली, 'जाई येन येन.' म्हणजे सावकाश, मन शांत ठेवा. तिला काय माहीत, माझ्या घरात काय ठेवलं होतं.

पावसाचे दिवस, कृष्णेला पाणी चढलेलं. अस्थी विसर्जन करून भावाकडे आले. चार दिवसांनी रात्री पासपोर्ट काढून बघितला. माझ्या शिक्क्यावरची तारीख होती २२ नोव्हेंबर. त्या तारखेपर्यंत मी राहू शकत होते, पण पुढची मुदत यांच्या नात्यावर मिळणार नव्हती. ज्यांच्यावर मी 'अवलंबित' होते तेच राहिले नव्हते. माझ्यापुढे दोनच रस्ते होते. घर आवरून निघायचं, नाहीतर स्वतःच्या हिमतीवर, निवृत्त माणूस म्हणून अर्ज करायचा. वय चौसष्ट, ती अट पूर्ण. ८ लाख बाट मात्र माझ्या नावाच्या खात्यात २२ सप्टेंबरच्या आत यायला हवे होते. म्हणजे तेव्हाच्या भावानं जवळजवळ एकोणीस लाख रुपये.

यांच्या खात्यात पैसे होते. पण खातेदार गेल्याचं कळल्यावर बँकेनं खातं गोठवलं. मी बायको आहे, लग्नाचा दाखला आहे, त्याचा उपयोग नाही. तिथे कोर्टानं मालमत्तेचा व्यवस्थापक नेमावा लागतो, त्यानंतर पैसे निघतात. यांनी थायलंडसाठी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वकील केला, अर्ज केला, आदेश यायला पुढचं वर्ष उजाडलं. घरभाडं तेवढे दिवस मुलीनं भरलं.

मुलगी म्हणाली, 'आई, सोड ना. सिंगापूरला ये.' तिथेही आईवडिलांना बोलवायचं तर मुलांच्या पगाराची अट असते. माझ्या मुलीला ते जमलं असतं. भाऊ म्हणाला, 'इथे राहा.' दोघांचंही खरं होतं. पण मला एक गोष्ट मान्य होत नव्हती. घर सोडायचं की नाही हे मी ठरवीन. ते शिक्क्यावरची तारीख कशी ठरवणार? यांची बाग, यांची खुर्ची, पी, आमचा कालव्याकडेचा फिरायचा रस्ता. उद्या मी सोडीनही. पण सोडायला लागलं म्हणून नाही, ठरवलं म्हणून.

आता पैसे आले कुठून ते ऐका. २०१४ मध्ये वडिलांच्या घराची वाटणी झाली. तेव्हा आपल्याकडे मुलींनी हक्कसोडपत्रावर सही करायची पद्धत. मीही करणार होते. भाऊच म्हणाला, 'ताई, सही करू नकोस. तुझा हिस्सा घे.' तोही आपल्याच शाळेचा, आपल्यामागे तीन वर्षं. मला लाज वाटली. नातेवाईक कुजबुजले, 'परदेशात राहते, हिला काय कमी?' मी ते पैसे घेतले आणि इथल्या बँकेत ठेव करून विसरून गेले. तेवढाच एक पैसा जगात माझ्या एकटीच्या नावावर होता. त्यानंच मला तारलं.

पण तेही सरळ झालं नाही. परदेशी राहणाऱ्यानं आपलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं असतं. मी एकोणतीस वर्षं केलंच नव्हतं. बँकेनं पैसे बाहेर पाठवायला नकार दिला आणि त्यांचं बरोबर होतं. रात्री अकरा वाजता मी आपल्या ग्रुपवर लिहिलं. सकाळी साडेसहाला उत्तर आलं, शेवटच्या बाकावर बसून बाईंचा मार खाणाऱ्या आपल्या सीए मित्राचं. 'कागद घेऊन ये.' खातं बदललं, ठेव मोडली, फॉर्म १५ सीए, त्याच्या सहीचा १५ सीबी. फी घेतली नाही. उलट मला रागावला, 'नवरा हुशार असला की बायकोनं बावळट राहायचं असतं का?' असं बोलायचा हक्क वर्गमित्रालाच असतो.

इकडे चियांग माईला परत जाऊन मला खातं उघडायचं होतं. बँकेनं राहत्या पत्त्याचा दाखला मागितला, तो इमिग्रेशन ऑफिसमधून आणला. पासबुकावर माझं नाव छापून आलं. वय वर्षं चौसष्ट, आणि पहिल्या पगारासारखं वाटलं. १८ सप्टेंबरला पैसे जमा झाले. चार दिवस हातात होते. चार दिवस!

२० नोव्हेंबरला मी अर्ज घेऊन गेले. त्याच सकाळी खात्यात १०० बाट भरले, कारण पासबुकावर त्या दिवशीची नोंद लागते. बँकेचं पत्र, फोटो, प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईची सही, नकाशा. अधिकाऱ्यानं जुना शिक्का बघितला, मृत्यूचा दाखला बघितला, माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. दोन्ही हात जोडून वाय केला, म्हणजे आपला नमस्कारच. मग शिक्का मारला. माझा शिक्का. त्यात कुणाच्या मागे असं कुठेही लिहिलेलं नाही.

त्यानंतर दोनदा वर्षाची मुदत वाढवून झाली. परवा इथून परतले की त्या दिवसापासून पुन्हा नव्वद दिवस मोजायचे, आणि मग हजेरी आहे.

आता तुम्हाला काय सांगू? थायलंडला यायचं असेल तर या, माझ्याकडे उतरा. पण यायच्या आधी आजचा नियम तिथल्या कचेरीत विचारा, माझ्या भाषणावर विसंबू नका. नियम बदलत राहतात. २०२४ पासून, वर्षात १८० दिवस तिथे राहणाऱ्यानं बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कराचा नवा नियम आला. यंदाच्या मेपासून विमानतळावरचा कागदी फॉर्म जाऊन तो आधीच ऑनलाइन भरायचा झाला. आपल्या वयात दरवर्षी नवा अभ्यासक्रम.

पण माझं खरं सांगणं आहे ते न येणाऱ्यांना, विशेषतः माझ्या मैत्रिणींना. घरी गेलात की आज रात्री एक कपाट उघडा. लग्नाचा नोंदणी दाखला आहे का? आपल्या बॅचच्या निम्म्या जणांकडे नसेल, पैज लावते. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, पॅनवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच आहे का? मृत्युपत्र केलंय का, आणि जिथे जिथे काही ठेवलंय त्या प्रत्येक ठिकाणचा विचार त्यात केलाय का? मुलांकडे परदेशी जाऊन राहत असाल तर बँकेला कळवलंय का? आणि एक खातं, फक्त तुमच्या नावाचं, ज्यात तुम्ही स्वतः पैसे भरता आणि काढता, ते आहे का? 'हे बघतात सगळं' हे उत्तर मला नको. आमचेही हेच बघायचे. फार छान बघायचे. त्यांच्या मनात काही खोट नव्हती. मी बघितलं नाही, एवढंच.

आणि पुरुषांना एक विनंती. बायकोला पासबुक दाखवणं म्हणजे तिच्यावर ओझं टाकणं नव्हे. पुढच्या वेळी बँकेत गेलात की तिला मागच्या खुर्चीवर बसवू नका. खिडकीशी उभं करा. तिला चुकू द्या. तुम्ही असताना चुकली तर हसून घ्याल. माझ्यावर चुका करायची वेळ आली ती अस्थी घरात ठेवून.

बाई आज व्हीलचेअरवर आल्यात. पन्नास वर्षांपूर्वी त्या म्हणायच्या, 'शेजारचीनं तुझ्या वतीनं हजर म्हणायचं नाही. स्वतः उभं राहून म्हण.' मी तेव्हा एकदा मैत्रिणीच्या वतीनं 'हजर' म्हटलं होतं आणि छड्या खाल्ल्या होत्या. पुढे एकोणतीस वर्षं माझ्या वतीनं दुसरं कुणी 'हजर' म्हणत होतं, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

बाई, उशीर झाला, पण आता स्वतः उभी राहून सांगते.

हजर.